काठ हरवत चाललेले तलाव

पक्षिनिरीक्षणाचा विषय निघाला की महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांसमोर अलीकडे एकच चित्र उभे राहते. शिवडीची दलदल अथवा ठाण्याची खाडी, ओहोटीची वेळ आणि चिखलात दूरवर पसरलेली रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. या चित्राचे कौतुक मुळीच वावगे नाही. मुंबईसारख्या महानगराच्या उंबरठ्यावर दरवर्षी हजारो रोहित उतरतात, हे आश्चर्यच होय. २०१५ साली ठाणे खाडीच्या एका भागास रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले आणि २०२२ साली ती जागा रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. २०२४ च्या जानेवारीत शिवडीच्या त्याच चिखलावरून जाणारा अटल सेतू वाहतुकीस खुला झाला. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरच्या आकाशात एका प्रवासी विमानाची धडक बसून एका रात्रीत ३९ रोहित मृत्युमुखी पडले. वृत्तपत्रांनी या साऱ्यांची ठळक दखल घेतली, ते योग्यच झाले.

मात्र या कौतुकातून एक चमत्कारिक समजूत रूढ झाली आहे. पाणपक्षी ही समुद्रकिनाऱ्याची संपत्ती असून ते पाहावयाचे तर मुंबईस, अलिबागेस अथवा फार तर भिगवणला जावे लागते, ही ती समजूत. विदर्भ-मराठवाड्यातील शाळांच्या सहली शेकडो किलोमीटरचा प्रवास करून किनाऱ्यावर जातात आणि आपल्याच गावच्या तलावावर लडाखहून आलेली बदके त्या दिवशीही पोहत असतात, याचा पत्ता ना गुरुजींना असतो ना विद्यार्थ्यांना.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात ढाणकी हे गाव आहे. अरबी समुद्र घ्या वा बंगालचा उपसागर घ्या, दोन्ही येथून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. कापसाचा भाव, सोयाबीनवरची कीड आणि हळदीची आवक हे येथील बाजारातले नित्याचे विषय. गावाच्या दक्षिणेकडून पैनगंगा वाहते, नदीपलीकडे नांदेड जिल्हा लागतो. पूर्वेकडे बंदी भाग म्हणून ओळखली जाणारी जंगलातील गावे आणि पैनगंगा अभयारण्य आहे, खाली सहस्रकुंडाचा धबधबा आहे आणि नदीच्या वरच्या अंगाला ईसापूरचे विस्तीर्ण धरण आहे. समुद्राशी या गावाचा संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध आहे. पैनगंगा चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेस मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्रास भेटते. नदीच्या खोऱ्यांचा हा माग धरून पक्षी आत येतात आणि उत्तरेकडून आलेलेही याच पाण्यावर विसावतात. पाणपक्ष्यांच्या लेखी किनारा म्हणजे केवळ समुद्राचा किनारा नव्हे. पाणी जेथे उथळ होत होत चिखलात आणि चिखल हळूहळू कोरड्या जमिनीत मिसळतो, ती प्रत्येक रेषा त्यांना किनाराच वाटते. ईसापूरच्या जलाशयाला अशी रेषा किती लांब लाभली असेल, याचा विचार वाचकांनी नकाशा पुढे घेऊन करावा. धरणाची भिंत सरळ असते, परंतु मागे पसरलेले पाणी शेकडो ओढ्यांच्या मुखांत शिरलेले असते आणि त्याचा काठ झाडाच्या पानाच्या कडेसारखा दातेरी होतो.

हा काठ स्थिर नसतो, हे त्याचे वैशिष्ट्य. पावसाळ्याअखेर जलाशय भरतो, दिवाळीनंतर रब्बीच्या पाणीपाळ्या सुरू होतात आणि पाणी उतरू लागते. आठवड्या-आठवड्याला नवा चिखल उघडा पडतो. या चिखलात अळ्या, किडे, शिंपले, गोगलगायी आणि कुजलेल्या पाणवनस्पतींचे बी असते. भरती-ओहोटी समुद्रावर दिवसातून दोनदा जे काम करते, तेच काम आमचे जलाशय वर्षातून एकदा, नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत सावकाश करतात. सैबेरिया, मंगोलिया, तिबेट आणि लडाख येथील पाणी ज्या काळात गोठलेले असते, नेमक्या त्याच काळात विदर्भातील चिखल ताजा असतो. या योगायोगावर लक्षावधी पाखरांचा हिवाळा तरून जातो.

येथे कोण काय खातो, हे पाहिले म्हणजे काठाचे महत्त्व पटते. चिखल्या आणि तुतवार ओल्या चिखलावरच चालतात, चोच बुडेल एवढेच पाणी त्यांना लागते. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात उभा राहू शकतो. थापट्या आपली फावड्यासारखी चोच पाण्याच्या पृष्ठभागावर फिरवून सूक्ष्म जीव गाळून घेतो. तलवार बदक डोके खाली आणि शेपटी वर करून तळाचे बी काढते, त्यामुळे त्याच्या मानेच्या लांबीहून खोल पाणी त्याला निरुपयोगी ठरते. मुग्धबलाक गोगलगायी शोधतो. कमळपक्षी तरंगत्या पानांवर संसार थाटतो. कपाळी पांढरा टिळा मिरवणारा काळाभोर वारकरी आणि टिबुकली हे बुड्या मारणारे असले तरी त्यांचेही घरटे उथळ पाण्यातील गवतातच असते. अर्थात जलाशयाच्या मध्यभागी असलेले पंधरा-वीस मीटर खोल पाणी, ज्याचा आपणास अभिमान वाटतो आणि ज्याची टक्केवारी वर्तमानपत्रांत छापून येते, ते यांपैकी बहुतेकांच्या काहीच कामाचे नसते. दिवसा विश्रांतीला आणि शत्रूपासून दूर राहायला ते उपयोगी पडते एवढेच. अन्न मिळते ते काठाच्या त्या उथळ पट्ट्यात.

हिवाळ्यात विदर्भातील जलाशयांवर उतरणाऱ्या पाहुण्यांत दोघांची कथा विशेष सांगण्याजोगी आहे. पहिला पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राखी हंस मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावर वीण करतो आणि हिमालय ओलांडून दक्षिणेत येतो. शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडलेली यंत्रे त्याच्या अंगावर बसवून त्याचा मागोवा घेतला, तेव्हा सात हजार मीटरहून अधिक उंचीवरील त्याची उड्डाणे नोंदली गेली. जेथे गिर्यारोहकाला दहा पावले चालून थांबावे लागते, तेथे हा पक्षी पंख मारीत जातो. दुसरा चक्रवाक, ज्याला आपल्याकडे ब्राह्मणी बदक म्हणतात. संस्कृत काव्यापासून संतवाङ्मयापर्यंत ज्याच्या रात्रीच्या विरहाची उपमा शतकानुशतके दिली गेली, तो हा भगव्या-तांबूस अंगाचा पक्षी. चक्रवाकाची उपमा आपल्या मुलांना पाठ असते, परंतु जानेवारीत तलावाच्या पलीकडच्या काठावर तीच जोडी उभी असताना तिला ओळखणारे मूल शोधावे लागते. रामायणाचा उगम एका क्रौंच पक्ष्याच्या वधाने व्याकुळ झालेल्या ऋषीच्या शोकात आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. ज्या परंपरेचे आदिकाव्य पाणथळीतल्या पक्ष्यापासून सुरू होते, तिच्या वारसांनी आपल्या तलावावरच्या चार पक्ष्यांची नावेही सांगू नयेत, हे काही भूषणावह नव्हे.

आता या जलाशयांचा इतिहास थोडा पाहू, कारण पुढचा वाद त्यावरच उभा आहे. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत, तलावांची परंपरा जुनी आहे. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने तेथे हजारो तलाव बांधले. मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाकडे गेले. लोक त्यांना आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. वऱ्हाडची गोष्ट वेगळी. यवतमाळ जिल्हा वऱ्हाडात मोडतो आणि येथे रयतवारी होती, भर विहिरींवर होता. येथील बरेचसे पाणी अलीकडचे आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर राबलेल्या हातांनी पाझर तलाव खोदले, त्यानंतर ईसापूर, पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा अशी धरणे उभी राहिली. पक्ष्यांसाठी म्हणून यांपैकी एकही बांधले गेले नाही. दुष्काळात भाकरीसाठी डोक्यावर माती वाहिलेल्या स्त्री-पुरुषांनी नकळत पट्टकादंबाच्याही मुक्कामाची सोय करून ठेवली, असे म्हणावे लागेल.

आणि नेमके हेच त्यांच्या मुळावर आले आहे. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्र शासनाने २०१७ साली जे नियम केले, त्यांत पाणथळ जागेची व्याख्या करताना काही गोष्टी स्पष्टपणे वगळल्या आहेत. नद्यांचे प्रवाह आणि भातखाचरे वगळली आहेत, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी अथवा करमणुकीसाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलसाठेही वगळले आहेत. याचा सरळ अर्थ असा की, ईसापूर ही कायद्याच्या दृष्टीने पाणथळ जागा नाही आणि गावचा पाझर तलावही नाही. ज्या रामसर कराराचा सदस्य म्हणून भारत १९८२ पासून मिरवतो, त्या कराराच्या व्याख्येत मात्र मानवनिर्मित जलसाठ्यांना जागा आहे. ही विसंगती किती विलक्षण आहे पाहा. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर. २०२० साली त्याला तो मान मिळाला. हे स्थळ म्हणजे तरी काय? गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत कालव्यांसाठी बांधलेला एक बंधारा! त्यामागे दशकानुदशके गाळ साठत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजली आणि पक्ष्यांनी ते ठिकाण आपले मानले. अभियंत्याच्या वहीत ज्याची नोंद ‘साठवणक्षमतेचा ऱ्हास’ अशी होते, त्यातूनच राज्याचे सर्वांत नामांकित पक्षितीर्थ घडले. जायकवाडीचा नाथसागर आणि रोहितांमुळे गाजलेले उजनी हेही सिंचनाचेच प्रकल्प. महाराष्ट्रात समुद्र सोडून पाणपक्ष्यांचे जे काही मोठे वैभव आहे, त्यातील फार मोठा भाग कायद्याने न ओळखलेल्या पाण्यावर आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू समजण्यासारखा आहे. प्रत्येक धरणाच्या कामात पर्यावरणाच्या परवान्याची अडचण नको, ही त्यामागची चिंता. परंतु परवान्याची अडचण टाळण्याकरिता वस्तुस्थितीच नाकारावी, हा उपाय न पटणारा आहे.

कायद्याने पाठ फिरविल्यावर काठाचे काय होते, ते गेल्या दहा-बारा वर्षांत आपण पाहिले आहे. जलयुक्त शिवाराच्या मोहिमेत गावोगावचे नाले सरळ आणि खोल झाले, त्यांच्या उतरत्या कडा उभ्या भिंती झाल्या. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून अगणित शेततळी झाली, बहुतेकांना प्लॅस्टिकचे अस्तर आहे आणि बाजू इतक्या तीव्र उताराच्या की त्यात पडलेले कुत्रे वर येऊ शकत नाही, तेथे चिखल्याने उभे राहावे कोठे? २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतील गाळ शेतात जाऊ लागला. शेताचे भले झाले, यात शंका नाही. परंतु यंत्राला काठाकडचा, उतारावरचा, सहज हाती येणारा गाळ काढणे सोयीचे असते, म्हणून उथळ शेपटीकडूनच खोदाई सुरू होते. यावर कळस चढविला आहे तो ‘तलाव सुशोभीकरण’ नावाच्या प्रकाराने. नगरपालिका असो वा नगरपंचायत, निधी आला की आराखडा ठरलेला. चारही बाजूंनी दगडी अथवा सिमेंटचा बांध, त्यावर रंगीत फरशांचा पदपथ, विजेचे दिवे, मधोमध कारंजे, एका कोपऱ्यात सेल्फीसाठी लोखंडी हृदय. एकदा बांध घातला की पाणी कितीही उतरो, चिखल उघडा पडतच नाही. रात्रभर जळणारे दिवे पक्ष्यांना विसावू देत नाहीत. मग उद्घाटनाच्या भाषणात त्याच तलावाला ‘पर्यटनस्थळ’ म्हटले जाते आणि फलकावर छायाचित्र असते रोहित पक्ष्याचे!

एकूण हिशेब असा निघतो की, पाणी वाढले आणि काठ घटला. पाण्याची मोजदाद दशलक्ष घनमीटरांत होते, काठाची मोजदाद कोणीच करीत नाही.

यावर एक आक्षेप निश्चित येईल आणि तो गंभीर आहे. यवतमाळ हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेला जिल्हा. येथे थेंब-थेंब पाण्यासाठी माणसे भांडतात. अशा ठिकाणी गाळ काढू नका, खोलीकरण करू नका, पाखरांसाठी चिखल राखा असे सांगणे म्हणजे पोटभरल्यांची हौस नव्हे काय? हा आक्षेप ऐकून घेतलाच पाहिजे. शेतकऱ्याच्या पाणीपाळीहून पक्ष्याचा हक्क वरचढ आहे, असे कोणी म्हणू नये आणि प्रस्तुत लेखकही म्हणत नाही. परंतु काठ राखण्यासाठी शेतकऱ्याचे पाणी कमी करावे लागते, हे गृहीतकच चुकीचे आहे. पाणी वापरल्यानेच तर काठ उघडा पडतो. सिंचनाचे आवर्तन आणि पक्ष्यांचे खाद्य यांत वैर नाही. गाळ काढावाच, तो तलावाच्या मधल्या खोल भागातून काढावा आणि ओढ्याच्या मुखाकडची उतरती बाजू तशीच सोडावी, एवढाच मुद्दा आहे. पाणी उतरल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर गाळपेर करणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याच काठावर जगत आली आहेत, त्यांच्या टरबुजाच्या वाडीशेजारीच बगळे हिंडत असतात. गुरांना पाण्यावर उतरता येते ते उताराच्या काठावरून, दगडी बांधावरून नव्हे. आणि मासा अंडी घालतो तो उथळ पाण्यातील गवतात. काठ गेला की पहिली कुऱ्हाड पक्ष्यांवर पडते, दुसरी भोई-धीवरांच्या जाळ्यावर.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत तिची प्रचीती आलेली आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी धीवर बांधवांना सोबत घेऊन मामा तलावांवर काम केले. तलावांचे काठ बेशरमाच्या झुडपांनी व्यापले होते, पाण्यात स्थानिक वनस्पती उरल्या नव्हत्या, बाहेरून आणून सोडलेल्या माशांनी स्थानिक मासे हटविले होते. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते आणि कोणत्या वनस्पतीला किती पाणी लागते, हे ज्ञान वयोवृद्ध धीवरांकडे होते. पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्यांच्या सल्ल्याने बेशरम उपटली गेली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला गेला आणि पावसाच्या तोंडावर देवधानासारख्या पाणवनस्पती हाताने लावल्या गेल्या. मासे परतले, त्यामागे पक्षी परतले. पक्ष्यांसाठी वेगळे काही करावे लागले नाही. धीवरांच्या पोटासाठी जे केले, त्यातच ते आले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसाच्या अनुभवास शास्त्राचा दर्जा देण्याची ही रीत यवतमाळच्या अभियंत्यांनी आणि नगरसेवकांनी एकदा जाऊन पाहावी.

त्याच मुलखात, नवेगाव बांधच्या काठी, मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून उमेदीची वर्षे घालविली. त्यांचे शिक्षकही पुस्तकांबरोबर तेथील रानातली आणि पाण्यावरची माणसे होती. पक्ष्यांची कित्येक मराठी नावे आज वापरात आहेत ती त्यांच्या त्या साधनेमुळे. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ साली पद्मश्री हे सन्मान त्यांना लाभले. त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. त्यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० साली ‘पक्षी सप्ताह’ म्हणून घोषित केला. सप्ताह साजरा होतो. चित्रकला स्पर्धा होते, मुले बहुधा मोर काढतात. तलावावर जाणे मात्र राहून जाते, आणि खरे तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चिखलही अजून पुरता उघडा पडलेला नसतो.

म्हणूनच सुचवावेसे वाटते ते जानेवारीचे. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे, भारतात मुंबईची ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ तिच्यात पुढाकार घेते आणि कोणीही सामान्य नागरिक तीत भाग घेऊ शकतो. एक दुर्बीण, एक वही, एक सचित्र पुस्तक आणि सकाळचे तीन तास एवढीच सामग्री. ढाणकीच्या अथवा उमरखेडच्या चार शिक्षकांनी, दोन डॉक्टरांनी आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी ठरविले, तर गावालगतचे तलाव आणि ईसापूरची एखादी शेपटी दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात मोजता येईल. पहिल्या वर्षी पाच जाती ओळखता आल्या तरी बिघडत नाही. सलग दहा वर्षे त्याच जागी, त्याच पद्धतीने घेतलेली नोंद ही कोणत्याही भाषणाहून प्रभावी असते. एखाद्या तलावावर यंत्रे येण्यापूर्वी तेथे काय होते, हे सांगणारा एकही कागद आज बहुतेक गावांकडे नाही. तो नसल्यामुळेच ‘तेथे काही नव्हतेच’ हे विधान खोडता येत नाही.

हा कागद ठेवावयाची जागाही कायद्याने दिली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. ग्रामपंचायतीसही हे लागू आहे, नगरपंचायतीसही. मुदत संपत आल्यावर कित्येक ठिकाणी या नोंदवह्या बाहेरच्या मंडळींकडून घाईने भरून घेतल्या गेल्या आणि कपाटात गेल्या. वाचकांनी आपल्या कार्यालयात जाऊन ती वही पाहण्यास मागावी. आपल्या तलावाचे पान तीत आहे का, असल्यास त्यावर काय लिहिले आहे, हे पाहावे. नसल्यास सभेत ठराव आणून जानेवारीची गणना तीत लिहून घ्यावी आणि पुढील सुशोभीकरणाचा आराखडा येईल तेव्हा तलावाची एक बाजू, ओढ्याच्या मुखाकडची, बांधाविना व दिव्यांविना सोडण्याची अट त्याच सभेत घालावी. २०१७ च्या नियमांनी तलावास पाणथळ म्हणून नाकारले असले तरी स्थानिक संस्थेचे हात त्यांनी बांधलेले नाहीत.

जाता जाता विसर्जनाविषयी. ज्या तलावाला आपण श्रद्धेने मूर्ती अर्पण करतो, त्याच तलावात प्लास्टर आणि रासायनिक रंगांचा थर वर्षानुवर्षे साठविणे त्या श्रद्धेशी सुसंगत नाही. शाडूची मूर्ती, लहान मूर्ती, वेगळा हौद हे मार्ग उपलब्ध आहेत आणि अनेक मंडळांनी ते स्वीकारले आहेत. संक्रांतीच्या पतंगांच्या नायलॉन मांजाबद्दल तर वेगळे सांगावयास नको, गणना आणि पतंग एकाच महिन्यात येतात आणि मोजणाऱ्याला झाडावर लटकलेला बगळा मोजावा लागतो.

गणना जानेवारीत होते, तथापि पैनगंगेचा खरा कसोटीचा काळ त्यानंतर येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पट्टकादंब आणि चक्रवाक उत्तरेस निघून जातात आणि नदी आटून वाळूची बेटे वर येतात. या बेटांवर उघड्या वाळूत साधासा खळगा करून नदी सुरय अंडी घालतो. पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा, दुभंगलेल्या शेपटीचा हा देखणा पक्षी परदेशी पाहुणा नाही, तो बारमाही आपला आहे, आणि जगभरात त्याची संख्या इतकी घटली आहे की संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत त्याचे नाव गेले आहे. त्याची अंडी वाळूच्याच रंगाची असतात, त्यामुळे कोल्ह्याला दिसत नाहीत तशी ट्रॅक्टरच्या चालकालाही दिसत नाहीत. मार्च ते मे हाच वाळूउपशाचा भराचा हंगाम. शिवाय याच दिवसांत नदीकाठच्या गावांच्या तहानेसाठी ईसापूरचे पाणी नदीत सोडण्याची मागणी होते आणि ती न्याय्यच असते. पाणी सोडावेच. ते मार्चच्या आरंभी, सुरयांनी जागा निवडण्याआधी सोडले, तर पक्षी उंच वाळू पाहून घरटे करतील. एप्रिलच्या मध्यावर अकस्मात सोडले, तर एका रात्रीत साऱ्या बेटांवरची अंडी वाहून जातील. पाणी तेवढेच, फरक तारखेचा. वाळूघाटांच्या लिलावाची यादी निघण्यापूर्वी सुरयांची बेटे कोणती, हे नकाशावर खूण करून तहसील कार्यालयास आणि पाटबंधारे विभागास लेखी कळविण्याचे काम नदीकाठच्या गावांतील कोणताही पदवीधर तरुण एका रविवारी करू शकेल. त्यासाठी येत्या मार्चमध्ये नदीवर एक फेरी मारावी लागेल, आणि दुर्बीण नसली तरी चालेल, कारण घरट्याजवळ कोणी गेले की सुरय डोक्यावर घिरट्या घालीत स्वतःच ओरडून जागा सांगतो. तेवढे ऐकून खूण करावी आणि मागे फिरावे.